डिस्क टकटक करतेय, बॅकअप जुलैपर्यंतचाच. दिवाळी अंक अडकलाय

खिळेवाला
बुधवार, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. कराडला माझा छोटा छापखाना आहे. वडिलांच्या वेळी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे, म्हणून हे नाव घेतलंय. आता लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, बिलबुकं आणि वर्षातून एक दिवाळी अंक.

आज संध्याकाळी सव्वासहाला लाईट गेली. यूपीएसची बॅटरी 'दिवाळीचे पैसे आले की बदलू' म्हणून ठेवली होती. त्यानं एकदा 'पीं' केलं आणि मशीन बसलं. लाईट आल्यावर सुरू केलं तर काळ्या पडद्यावर 'योग्य बूट डिव्हाइस निवडा' अशा अर्थाची ओळ, आणि डब्याच्या आतून टक... टक... टक. चुकार खिळा जुळणीच्या स्टिकमध्ये (खिळे ओळीत लावायच्या पट्टीत) आपटावा तसा आवाज. तीनचार वेळा होतो, थांबतो, परत होतो.

मशीन जुनं आहे, आय-थ्री, विंडोज सात. आत ५०० जीबीची हार्ड डिस्क, तिचे सी आणि डी असे दोन भाग. पानं मांडायचं पेजमेकर सात आणि डोंगलवालं (किल्लीसारखी पिन मशीनला लावली तरच चालणारं) मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. विंडोज सात अजून का वापरता, हे कृपया कुणी विचारू नका. डोंगल नव्या मशीनवर बोलत नाही आणि वीस वर्षांची कामं पेजमेकरात आहेत. नेटची वायर त्या मशीनला जोडतच नाही.

बॅकअप नाही असं नाही. भाच्यानं मे महिन्यात क्लोनझिला या प्रोग्रॅमनं अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर ठेवली. शिवाय एक बॅच फाइल (लिहून ठेवलेल्या आज्ञा आपोआप चालवणारी) करून दिली होती. रोज संध्याकाळी सात वाजता 'चालू कामे' हे फोल्डर त्याच बाहेरच्या डिस्कवर जायचं. सातला पडद्यावर काळी खिडकी उघडायची, क्षणात मिटायची. मी म्हणायचो झाला बॅकअप, चला चहाला. आज ती डिस्क मुलाच्या लॅपटॉपला लावून पाहिली, तर सगळ्यात नवी फाइल १९ जुलैची. काळी खिडकी मात्र कालपर्यंत रोज उघडत होती!

दिवाळी अंकाचं काम सुरू झालं ऑगस्टात. १८४ पानी अंक, म्हणजे सोळा पानांचा एक असे साडेअकरा फर्मे. सहा फर्म्यांच्या छपाईच्या प्लेटा झाल्या, बाकी साडेपाच त्या टकटकणाऱ्या डब्यात. भाचा परदेशी, फोन लागत नाही. इथला मेकॅनिक म्हणतो, 'चेकडिस्क मारू, नाही जमलं तर फॉरमॅट करून विंडोज टाकू.' सकाळी नऊला येतोय. त्याला येऊ देऊ का? आणि दुकानदाराकडं २४० आणि ४८० जीबीच्या एसएसडी (फिरती चकती नसलेल्या डिस्क) आहेत, त्यांतली कुठली घेऊन मेची इमेज चढवू?

---

रात्रपाळी
गुरुवार, मध्यरात्री १२.२४

काका, आधी मशीन बंद करा आणि पॉवरची वायर काढा. वाचायचं नंतर.

मेकॅनिकला येऊ द्या, चहा पाजा, पण चेकडिस्क मारू देऊ नका. चेकडिस्क फाइल सिस्टीम नीट करतं, तुमच्या फाइलींशी त्याला देणंघेणं नाही. न वाचता येणारी जागा दिसली की ते दुवे छाटतं आणि त्यासाठी मरत्या डिस्कवर लिहीत सुटतं. फॉरमॅटबद्दल तर बोलायलाच नको.

डिस्क टकटक करते तेव्हा बहुतेक वेळा वाचणाऱ्या हेडला आपली जागा सापडत नसते. तो मागे येतो, परत जातो. मात्र कधी कधी पॉवरची पिन सैल असली किंवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) थकला असला तरी हाच आवाज येतो. म्हणून सकाळी तीन गोष्टी करा. साटाची (डिस्कला बोर्डाशी जोडणारी) आणि पॉवरची वायर बदला. दुसरा एसएमपीएस मिळाला तर लावा. मग फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जाऊन बघा की डिस्कचं नाव आणि ५०० जीबी हा आकडा बरोबर दिसतो का. विंडोज सुरू करायचा प्रयत्न नको, प्रत्येक प्रयत्नात ती थोडी अजून झिजते.

नाव दिसलंच नाही, किंवा टकटक थांबतच नसेल, तर तो घरगुती उपायाचा विषय राहत नाही. मग डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेत द्यायची, झाकण घरी उघडायचं नाही. नाव दिसत असेल तर सांगा, पुढचं मी सांगतो. माझी ड्युटी सकाळी सहापर्यंत आहे.

---

गंमतजंमत
गुरुवार, सकाळी ७.१०

डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या मित्राची अशीच चालू झाली होती.

---

रात्रपाळी
गुरुवार, सकाळी ७.१५

नको. बाहेर काढली की आत दव धरतं आणि हेड त्या पाण्यावरून फिरतो. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या डिस्कला फळलं असेल. फ्रीजरमध्ये मटार ठेवा.

---

खिळेवाला
गुरुवार, दुपारी १.०५

मेकॅनिक आला, चहा पिऊन गेला. जरा नाराज होता.

वायर बदलली, शेजारच्या सायबर कॅफेतून एसएमपीएस आणून लावला. टकटक आहे, पण चार टक झाले की थांबते आणि बायोसमध्ये नाव येतं, ५०० पण दिसतं. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा आलं. मग बंद केलं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेला फोन केला, ते बघायच्या आधीच वीस हजारांच्या पुढचं बोलले. अंकाच्या जाहिरातींचे पैसे अजून यायचेत, त्यामुळं तो शेवटचा मार्ग.

काल रात्री सांगायचं राहिलं. शेजारच्या प्रेसमध्ये पेजमेकर आहे. जुलैची एक फाइल तिथं उघडून पाहिली, तर पानभर इंग्रजी अक्षरांची भेळ. फॉन्ट त्यांच्याकडं दुसऱ्या कंपनीचा. म्हणजे फाइल मिळूनही उपयोग नाही असं होणार का?

---

जमाखर्च
गुरुवार, दुपारी २.४०

दादा, सहा फर्म्यांच्या प्लेटा झाल्या म्हणताय, तर प्लेट काढणाऱ्याला तुम्ही पीडीएफच दिल्या असणार. त्याच्या मशीनवर असतील. मेलनं पाठवल्या असतील तर तुमच्या 'पाठवलेले'मध्येही असतील. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरलेला असतो, तेवढा भाग सुटला असं समजा. त्यांना आजच फोन करा, तिथले लोक आठवड्याला जुनी कामं पुसतात. लेखकांचे लेख मेलवर आलेत का? तेही एका फोल्डरात गोळा करून ठेवा.

मी हिशेबाचं काम करते. तीन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात टॅलीचा बॅकअप रोज व्हायचा, पण सी ड्राइव्हवरून सी ड्राइव्हवरच. डिस्क गेली तेव्हा दोन्ही गेले. त्यानंतर बाहेरची डिस्क घेतली, तर ती कायम जोडलेली. मग कुणीतरी फुकटातलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं आणि खंडणीवाल्या व्हायरसनं मशीन आणि ती डिस्क एकदमच कुलूपबंद केली. मार्चअखेर. पुढचं सांगत नाही.

आता दर शनिवारी एक कंपनी निवडते आणि बॅकअपमधून दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून ताळेबंद जुळतो का बघते. वीस मिनिटं जातात. साहेब हसतात.

---

रात्रपाळी
गुरुवार, रात्री ८.३०

ताईंचं पीडीएफचं आधी करा, ते फुकट आहे.

भेळेबद्दल. तुमचे फॉन्ट युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे आहेत. फाइलमध्ये 'क' लिहिलेलाच नसतो, एका इंग्रजी खुणेचा क्रमांक असतो आणि त्या जागी 'क'चं चित्र दाखवायचं काम फॉन्ट करतो. तोच फॉन्ट नसेल तर भेळ. तेव्हा शेजारच्या मशीनवर तुमची फाइल उघडलीत तर सेव्ह करू नका, बदली फॉन्ट आत बसेल. तुमच्या धंद्यात नुसता 'चालू कामे'चा बॅकअप अर्धाच. फॉन्ट, डोंगलचा ड्रायव्हर आणि पेजमेकर जसंच्या तसं मेच्या इमेजमध्ये आहे, म्हणून ती इमेज सोन्यासारखी जपा.

आता एसएसडी. २४० घेऊ नका, ४८० पण घेऊ नका. क्लोनझिलाला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. तुमच्या ५०० च्या हार्ड डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे) आहेत, आणि ४८० वाली नावातच कमी आहे. दुकानदार म्हणेल 'तेवढंच असतं हो'. नसतं. ५०० किंवा ५१२ मागा, नसेल तर सरळ १ टीबी.

नवं मशीनही घेऊ नका. बिघडलीय फक्त डिस्क. तुमचा बोर्ड, डोंगल, विंडोज सात एकमेकांना ओळखतात. त्याच डब्यात नवी डिस्क बसली की त्यांना कळणारही नाही. नव्या मशीनवर विंडोज सात चढवायला गेलात तर एनव्हीएमई (नव्या तऱ्हेच्या एसएसडी) आणि यूएसबीच्या ड्रायव्हरपायी दिवाळी तिथंच होईल.

त्याआधी जुन्या डिस्कचा माल काढू. एक रिकामी १ टीबी डिस्क उसनी आणा. जिच्यावर तुमचा एकुलता एक बॅकअप आहे, त्या डिस्कवर हा खेळ खेळायचा नाही. मुलाच्या लॅपटॉपवर सिस्टीमरेस्क्यूचा (विंडोजशिवाय मशीन सुरू करणारा) पेनड्राइव्ह करून घ्या. जुनी डिस्क आपल्याच डब्यात साटालाच राहू दे. यूएसबीच्या केसमध्ये घातली तर प्रत्येक अडचणीला जोडणी तुटेल.

त्यात डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. साधी कॉपी खराब जागी अडकून डोकं आपटत बसते. हा खराब जागा सोडून पुढं जातो, आधी चांगलं चांगलं उचलतो आणि काय राहिलं याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतो. लाईट गेली तरी तिथूनच पुढं चालू होतो. पहिल्या फेरीत छोटा एन हा पर्याय द्या, म्हणजे खराब जागा खरवडत बसणार नाही. दुसऱ्या फेरीत एन काढून आर तीन, म्हणजे उरलेल्यावर तीन प्रयत्न.

एक जागा घाबरण्यासारखी आहे. आधी लिहायचं ते 'कुठून', नंतर 'कुठं'. उलट झालं तर रिकामी डिस्क जुनीवर ओतली जाईल. आधी डिस्कांची यादी काढा आणि सिरीयल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून बघा. एंटर दाबायच्या आधी पडद्याचा फोटो इथं टाका, मी बघतो.

---

खिळेवाला
शुक्रवार, रात्री १०.१५

१ टीबी डिस्क फोटो स्टुडिओवाल्या मित्राकडून आणली, सोमवारपर्यंतच्या बोलीवर. यूपीएसला नवी बॅटरी घातली (आता घातली!). मुलानं पेनड्राइव्ह केला. फोटो वर टाकलाय. नंबर मी भिंग लावून वाचले, मुलानं मोबाईलवर मोठे करून वाचले, दोघांचे जुळले.

---

रात्रपाळी
शुक्रवार, रात्री १०.२२

बरोबर आहे. दाबा. टेबल हलवू नका.

---

खिळेवाला
मंगळवार, रात्री ९.३०

सविस्तर लिहितो, कारण चार दिवस इथल्या लोकांच्या जिवावर काढलेत.

शुक्रवारी रात्री सव्वाअकराला सुरू केलं. पडद्यावर किती वाचलं, किती राहिलं याचे आकडे सरकत होते. मी आणि मुलगा स्टुलं घेऊन बसलो. पहिले दोन तास सुसाट, मग ३१० जीबीच्या आसपास आकडा गोगलगाय झाला आणि आतून टक यायला लागलं. दर टकला पोटात गोळा. आमच्या वडिलांनी एकदा अख्खं जुळवलेलं पान हातातून पाडलं होतं, सगळे खिळे जमिनीवर. ते खाली बसून एकेक उचलत होते तो आवाज आठवला. पहाटे तीनला मुलगा तिथंच कागदाच्या रिमवर झोपला. शनिवारी दुपारी पहिली फेरी संपली, दुसरी रविवारी सकाळपर्यंत. शेवटी सुमारे ४० एमबी राहिलं, बाकी सगळं आलं. ५०० जीबीत ४० एमबी! मी पेढे आणायला निघालो होतो, बायको म्हणाली आधी फाइली उघडून बघा.

ती बरोबर होती. नवी ५०० ची एसएसडी घातली. इमेज चढवायच्या आधी क्लोनझिलातच इमेज तपासायची सोय आहे, ती चालवली, इमेज धड निघाली. चढवली आणि मशीन मे महिन्यात जागं झालं. डेस्कटॉपवर उन्हाळ्यातल्या लग्नाच्या पत्रिका, कडेला मुलीनं चिकटवलेली तीच जुनी नोट. डोंगल लावलं, दिवा लागला, पेजमेकर उघडलं, मराठी मराठीसारखं दिसलं. डोळ्यांत पाणी आलं हे खोटं नाही. मग वाचवलेल्या डिस्कवरून ऑगस्टपासूनची कामं डीवर आणली. ड्राइव्हचं अक्षर डीच ठेवलं, त्यामुळं पेजमेकरानं चित्रांचे दुवे न कुरकुरता उचलले.

एकेक फर्मा उघडत गेलो. सातवा उघडला. आठवा, 'फाइल उघडता येत नाही.' नववा, दहावा, अकरावा ठीक. शेवटचा अर्धा ठीक. म्हणजे त्या ४० एमबीचा एक तुकडा बरोब्बर आठव्यावर बसला होता. त्यात दोन कथा आणि पाच कविता. लेख मेलवर होते, पण दुरुस्त्या फक्त फाइलमध्ये आणि प्रुफाच्या कागदावर. प्रुफं बायकोनं रद्दीत घालायची म्हणून बांधून ठेवली होती, अजून रद्दीवाला आला नव्हता. रविवारी रात्री ती मोठ्यानं वाचत होती, मुलगी टाइप करत होती, मी ऱ्हस्व-दीर्घ बघत होतो. एका कवितेत कवीनं प्रुफावर दुरुस्ती करून ती परत खोडलेली, त्यावर वाद झाला. कवीला फोन केला, त्यानं तिसराच शब्द सांगितला.

पहिल्या सहाच्या पीडीएफ प्लेटवाल्याकडं होत्या. जमाखर्च ताई, तुम्ही म्हणालात ते खरं. तो म्हणाला, 'सोमवारी पुसणार होतो.'

१९ जुलैचं कोडं मात्र अजून सुटलेलं नाही.

---

रात्रपाळी
मंगळवार, रात्री ११.०५

जिंकलात. कोड्याबद्दल माझा अंदाज: बॅच फाइलमध्ये बाहेरच्या डिस्कचं अक्षर म्हणून 'एफ' ड्राइव्ह लिहिलंय ना? त्या सुमारास बाहेरची डिस्क काढलेली असताना कुणाचा पेनड्राइव्ह लावला होता का? तो एफ झाला, नंतर तुमची डिस्क लावली तेव्हा तिला 'जी' हे अक्षर मिळालं आणि विंडोजनं तेच लक्षात ठेवलं. पेनड्राइव्ह गेल्यावर बॅच फाइल रोज एफ शोधायची, एफ नाही म्हणून बंद पडायची. काळी खिडकी तीच, फक्त तिच्यात 'जागा सापडत नाही' असं लिहून यायचं. ते वाचण्याआधी ती मिटायची.

आपल्याला वाटतं अशी फजिती छोट्या मशीनचीच होते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या (प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या) इंजिनिअरनं रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐनवेळी एकही नीट चालली नाही. रोजचा डेटाबेस बॅकअप तर आवृत्ती जुळत नाही म्हणून कधीचा फसत होता, आणि फसल्याचे ईमेल समोरच्या सर्व्हरनं नाकारल्यामुळं कुणापर्यंत पोचलेच नव्हते. सहा तासांपूर्वी एकानं दुसऱ्याच कामासाठी हातानं एक प्रत काढली होती, तिनं वाचवलं. ते न पोचलेले ईमेल म्हणजे तुमच्या काळ्या खिडकीची थोरली भावंडं.

---

खिळेवाला
बुधवार, सकाळी ८.४०

अहो, हेच! २० जुलैला एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आला होता, त्यांच्या पेनड्राइव्हवर. दिवसभर लावून ठेवलेला, संध्याकाळी सातलाही. आता आठवलं, दोन दिवसांनी त्यांच्या मॅनेजरचा फोन होता, 'आमच्या पेनड्राइव्हमध्ये कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका आल्यात.' मी म्हणालो, चुकून आल्या असतील, पुसून टाका. तो माझा शेवटचा बॅकअप होता.

भाच्याचा फोन काल लागला. त्यानं नवीन बॅच फाइल पाठवलीय. बाहेरच्या डिस्कवर 'हीचती' नावाची एक रिकामी फाइल ठेवलीय. बॅच फाइल ड्राइव्हच्या प्रत्येक अक्षराखाली ती शोधते, सापडली तरच कॉपी करते. नाही सापडली तर खिडकी मिटत नाही, लाल पडद्यावर तशीच उभी राहते. फॉन्टचं फोल्डरही त्यात घातलंय. १ टीबी डिस्क अजून एक घेतली, ती घरी असते. शनिवारी दोन्हींची अदलाबदल करायची आणि घरच्यावरची एक फाइल मुलाच्या लॅपटॉपवर उतरवून तारीख बघायची, असं मुलीनं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. लॅपटॉपवर ती भेळच दिसते, पण तारीख दिसते.

जुनी डिस्क फेकवत नाही. खिळ्यांच्या केसमध्ये ठेवलीय, 'ट'च्या खणात. नववा फर्मा आत्ता मशीनवर चढलाय, मी खाली जातो.